खालच्या घरची आंघोळ

धुरीमामांना बाथरूमचं काम दाखवायला बोलावलं की ते आधी बाथरूम बघतच नसत. पिशवी आपल्या उंबऱ्याशी ठेवत, चपला काढत आणि विचारत, "खालचं घर कुणाचं?" मग जिना उतरून खालच्यांची बेल वाजवत. बोलावणारा बिचारा वर दार उघडं टाकून उभा, आणि मामा खाली परक्याच्या घरात मान वर करून छत बघतायत. लाद्यांचे सांधे खरवडून नव्याने भरायचे आणि त्यांत पाणी मुरू नये म्हणून वरून सीलरचा हात मारायचा, एवढंच त्यांचं काम. लालबाग-परळमध्ये हे काम करणारे पुष्कळ आहेत. पण आधी खाली जाणारा मी दुसरा पाहिला नाही.

आमच्याकडे ते आले तेव्हा मी अगदी कंटाळून गेले होते. मी परळच्या एका इस्पितळात केसपेपरच्या खिडकीवर बसते. दिवसभर लोकांची नावं, वयं आणि काय दुखतंय ते लिहून घ्यायचं, मशीनवर त्यांचा अंगठा घ्यायचा. घरी आलं की आईचे गुडघे. आणि गेली दोन वर्षं हे तिसरं दुखणं मागे लागलं होतं, आमच्या बाथरूमचं पाणी खाली सुमनकाकूंच्या घरात झिरपत होतं. एका प्लंबरने पाइप बदलला. दुसऱ्याने नळ बदलले. तिसऱ्याने ओल्यावरच व्हाइट सिमेंट थापलं, ते दोन महिन्यांत भुगा होऊन जाळीत अडकलं. चौथा म्हणाला, सगळं फोडा. सोसायटीच्या सेक्रेटरींनी दोनदा चिठ्ठी पाठवली. इस्पितळातल्या एका बाईंनी धुरीमामांचा नंबर दिला तेव्हा मी फोन केला खरा, पण आशा अशी काही नव्हती. आणखी एक माणूस येऊन गेला, एवढं सेक्रेटरींना सांगता यावं, इतकाच हेतू होता.

मामा आले ते दिलेल्या वेळेला. साठी उलटलेली, अंगाने काडी, पँट घोट्याच्या वर दुमडलेली, हातात नायलॉनची भाजीची पिशवी. त्यांनी खालच्या घराचं विचारलं तेव्हा मी म्हटलं, "खालच्यांशी आमचं बोलणं नाही."

"तुमचं नाय ना? माझं कुठे भांडण आहे?" असं म्हणून ते जिना उतरले सुद्धा. चांगली चाळीस मिनिटं वर आले नाहीत. मी दारात उभी राहून पाय अवघडवून घेतले. आतून आई ओरडत होती, "गेला की काय तो? का तिने चहाला बसवला?" तिने चहालाच बसवलं होतं.

हे भांडण काय होतं ते सांगायला हवं. घोडपदेवच्या आमच्या जुन्या चाळीत आमची आणि सुमनकाकूंची खोली शेजारी शेजारी होती. मधल्या भिंतीवर नुसतं ठोकलं की पलीकडून "काय गो?" यायचं. मोरी चार बिऱ्हाडांत एक. पुढे चाळ पडली, काही वर्षं संक्रमण शिबिरात गेली, आणि त्याच जागेवर नवी इमारत उभी राहिली. घरांच्या चिठ्ठ्या निघाल्या तेव्हा आई आणि काकू, दोघींनी देव पाण्यात ठेवले होते, शेजारचीच घरं मिळावीत म्हणून. मिळाली ती एकाखाली एक. आम्ही सातव्या मजल्यावर, काकू सहाव्या. दोघींनी त्यावरही समाधान मानलं. आई खिडकीतून वाकून हाक मारायची आणि काकू खालून मान वर करून उत्तर द्यायच्या.

मग काकूंच्या बाथरूमच्या छतावर डाग पडला. डागाची ओल भिंतीवर उतरली, आणि ती भिंत नेमकी अशी की पलीकडच्या बाजूला काकांचा फोटो टांगलेला. काका जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती आणि त्यांचा घरात लावण्याजोगा तो एकच फोटो होता. एके दिवशी काकूंनी हार बदलायला फोटो उतरवला तर मागून बुरशी आत शिरून काकांचा अर्धा चेहरा गेला होता. तो फोटो हातात घेऊन त्या तशाच वर आल्या. आईने बघितलं आणि म्हणाली, "माझ्या बाथरूममधून एक थेंब जात नाय. मी रोज घासते." काकू म्हणाल्या, "तुझ्या घाणीचं पाणी माझ्या नवऱ्याच्या तोंडावर आलं, वैनी." जिन्यात उभं राहून म्हणाल्या, चार लोकांनी ऐकलं. त्यानंतर दोन वर्षं दोघी एका लिफ्टमध्येही शिरल्या नाहीत. आईने खिडकीतून वाकणं सोडलं. तिचं वय झालं होतं, तब्येत उतरत चालली होती, आणि माझ्याशिवाय बोलायला घरात कुणी नव्हतं. मी तर दमून आलेली. हे भांडण तसंच राहून आई जाईल, याची मला खरी भीती वाटत होती. गळतीचं पुढचं पुढे.

मामा वर आले ते थेट बाथरूममध्ये गेले आणि उकिडवे बसले. डोळे मिटून, अंगठ्याचं नख लाद्यांमधल्या सांध्यांवरून फिरवत राहिले. नखाबरोबर पांढरी रेती निघत होती. त्यांच्या बोटांची टोकं गुळगुळीत होती, सिमेंटने आणि केमिकलने रेषा कधीच पुसल्या होत्या. पुढे ओळख झाल्यावर ते हसत हसत सांगत, "रेशनच्या मशीनवर माझा अंगठा उठत नाय. मशीन म्हणतं, हा धुरी नव्हेच. बायको बाजूला उभी, ती म्हणते, हाच तो. पण तिचं कोण ऐकतो?"

सगळी मोरी चाचपून झाल्यावर त्यांनी विचारलं, "अ‍ॅसिड कोण टाकतं?"

"मी," आई दारातून म्हणाली. तिच्या आवाजात अभिमान होता. "रोज. तारेच्या घासणीने घासते. बघा कशी पांढरी आहे लादी."

मामांनी हातातली रेती तिला दाखवली. "आई, लादी पांढरी आहे, खरं आहे. लादीला काय होत नाय. पण अ‍ॅसिड सांधा खातं. तुम्ही रोज वायच वायच सांधा धुऊन टाकलात. आता इथे सांधा नाय, नुस्ता रस्ता आहे. पाणी त्या रस्त्याने खाली जातं."

आईने ती रेती बोटांनी चाचपून बघितली. मग म्हणाली, "चाळीस वर्षं चार घरांची मोरी धुतली हो मी. कुणाचे केस, कुणाची शेवाळ. वाटायचं, आपली स्वतःची असती तर आरशासारखी ठेवली असती. म्हातारपणी ती मिळाली." आणि तिने पदर डोळ्यांना लावला. खरं सांगते, मलाही त्या क्षणी रडू आलं. इतक्या वर्षांच्या हौसेने मिळालेली चार हात जागा, आणि तीच तिने हौसेपायी पोखरून ठेवली होती.

मामा उठले, हात पुसले आणि म्हणाले, "तुमची चूक नाय. आपल्या चाळीतल्या सगळ्या बायका हेच करतात. नवीन घरात आल्या की पहिली अ‍ॅसिडची बाटली आणतात. मी त्यांच्यावरच जगतो." मग त्यांनी आपली अट सांगितली. जुना सांधा खरवडायचा. मग मोरी पूर्ण सुकू द्यायची. निदान तीन दिवस पाण्याचा थेंब नाही. पंखा लावायचा नाही, कारण पंख्याने वरचं सुकतं आणि आतलं राहतं. "ओल्यात भरलेलं टिकत नाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दिवसातून चारदा तरी ते म्हणत, लादीबद्दल आणि इतरही पुष्कळ गोष्टींबद्दल.

"तीन दिवस आंघोळी कुठे करायच्या?" मी विचारलं. संडास वेगळा होता, ती अडचण नव्हती.

"खाली."

"खाली म्हणजे?"

"ज्यांच्या घरात तुमचं पाणी गेलं त्यांच्याकडे. मी विचारून आलोय. त्या हो म्हणाल्या."

आई म्हणाली, "मी मेले तरी जाणार नाय." मामांनी पिशवी उचलली. शांतपणे म्हणाले, "मग मी काम धरत नाय, आई. तशी माझी पद्धतच आहे." आणि ते खरोखर लिफ्टपर्यंत पोचले. मीच धावत जाऊन त्यांना परत आणलं. आईला काय सांगितलं ते आठवत नाही. बहुधा ओरडलेच असेन. दमलेली माणसं समजूत घालत नाहीत, ओरडतात.

ही अट त्यांनी का घातली, ते मी नंतर एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "पहिल्यांदा मी पण नुस्ते सांधे भरायचो गो बाय. गळती बंद व्हायची, मी घरी. सहा महिन्यांनी त्याच बिल्डिंगमध्ये दुसऱ्या कामाला गेलो तर ती दोन घरं तशीच तोंड फिरवून. पाणी बंद, भांडण चालू. मग मी काय बंद केलं?" आणि आणखी एक कारण होतं. "वरचा माणूस खालचं छप्पर कधी बघतच नाय. त्याला आपली फरशी दिसते. आंघोळीला बसल्यावर डोक्यावर पाणी घेताना मान आपोआप वर होते. मग दिसतं."

ही पद्धत सगळीकडे लागू पडायची असं मात्र नाही. दादरच्या एका डॉक्टर जोडप्याने त्यांना हाताने दार दाखवलं होतं. फणसवाडीत दोन सख्खे भाऊ वर-खाली राहायचे, कोर्टात केस चाललेली. ते तयार झाले, दोन दिवस नीट गेले, आणि तिसऱ्या दिवशी खालच्या भावाच्या मोरीतच दोघे टॉवेल नेसून हमरीतुमरीवर आले. मामा हे सांगताना स्वतःच हसत. "सगळ्यांना जमतं असं नाय. सांधा भरणं सोपं. त्याला आधी रिकामा तरी करता येतो."

पहिल्या दिवशी आई खाली गेली ती स्वतःची गरम पाण्याची बादली घेऊन. "तिचं पाणी मला नको." बादली अर्थात मी उचलली होती. लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरचे गृहस्थ भेटले, त्यांनी बादलीकडे बघितलं, आईच्या खांद्यावरच्या टॉवेलकडे बघितलं आणि सभ्यपणे भिंतीकडे तोंड केलं. मला हसू आवरेना आणि आईला राग आवरेना. काकूंनी दार उघडलं. दोघी एकमेकींशी अक्षर बोलल्या नाहीत. दहा मिनिटांत आई आंघोळ करून वर आली. मी तिच्याच मागोमाग उरकून ड्यूटीवर गेले, आणि दिवसभर माझ्या ओल्या केसांना त्यांच्या घरच्या साबणाचा वास येत राहिला, कारण आमचा साबण आम्ही वरच विसरलो होतो.

दुसऱ्या दिवशीही बादली होतीच. पण संध्याकाळी मी घरी आले तेव्हा आई दिवा न लावता बसली होती. म्हणाली, "तिचं छत बघितलंस तू?"

मी म्हटलं, "घाईत होते, नाही बघितलं."

"मी बघितलं. सगळं काळं झालंय गो. मिठासारखे पोपडे लोंबतायत. एक माझ्या तांब्यात पडला." तिने उठून दिवा लावला. "दोन वर्षं ती त्याच्याखाली आंघोळ करतेय."

तिसऱ्या दिवशी आईने बादली नेली नाही. जाताना तिने कपाटातला जुना अल्बम काढून मला एक फोटो शोधायला लावला. चाळीतल्या सत्यनारायणाचा. त्यात काका प्रसादाचं ताट घेऊन उभे आहेत आणि कुणाकडे तरी बघून मनापासून हसतायत. तो फोटो आईने पदराआड धरून खाली नेला. खाली काय झालं ते मला ठाऊक नाही, मी लिफ्टपाशी थांबले होते. आई वर आली ती अर्ध्या तासाने आणि तिचे डोळे लाल होते. "हा फोटो मोठा करून आण," ती म्हणाली. "काच लावून. भिंतीला टेकवायचा नाय म्हणावं, वायच पुढे टांगायचा."

आता मामांच्या तपासणीची गोष्ट. ओल गेली का ते बघायला त्यांच्याकडे यंत्र वगैरे काही नव्हतं. नव्या साडीवर येते ती पारदर्शक पिशवी ते कापून लादीवर ठेवत आणि चारी कडा टेपने चिकटवून टाकत. सकाळी आतून घाम आल्यासारखे थेंब दिसले तर खाली ओल आहे. पिशवी कोरडी तर लादी कोरडी. रोज सकाळी कामावर जायच्या आधी ते येऊन ती पिशवी बघून जात. चौथ्या दिवशी ते यायच्या आधी मीच डोकावले. पिशवी खडखडीत कोरडी होती. मला हायसं वाटलं. जिना, लिफ्ट, आईला धरून नेणं-आणणं, या सगळ्याचा मला वीट आला होता. घरचं बाथरूम आज चालू होईल, या आनंदात मी होते.

मामा आले, वाकून बघितलं आणि आईला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "अजून ओल आहे. दोन दिवस लागतील."

आई आतून म्हणाली, "बरं बाबा." तिचा आवाज चक्क खूश होता.

मी मामांना जिन्यात गाठलं. "मामा, पिशवी कोरडी आहे. मी बघितली."

"मी पण बघितली."

"मग?"

"म्हातारी काल खाली किती वेळ होती?"

"अर्धा तास."

"आणि पहिल्या दिवशी?"

"दहा मिनिटं."

"मग वायच थांब ना बाय," ते म्हणाले. "लादी सुकली. अजून दोन दिवस जाऊ दे. तू दमलीस, ते मला दिसतं. दोन दिवस आणखी दम."

माझी ही अशी परवानगी आजवर कुणी मागितली नव्हती. म्हणजे मागितली असंही नाही म्हणता येणार, पण मी दमलेय हे कुणाच्या तरी लक्षात आलं होतं. मी रागवायचं विसरून गेले. ते दोन दिवसांचे चार दिवस झाले. आई आंघोळीला जायची ती पोळ्यांच्या वेळेला वर यायची. एकदा मी संध्याकाळी आले तर घराला कुलूप, आणि खिडकीतून खालून दोघींचं हसणं ऐकू आलं. चाळीतल्या कुणाची तरी नक्कल चालली होती.

मग मामांनी काम केलं. पूर्ण एक दिवस बसून. जुन्या टूथब्रशने सांधे झाडले, सायकलच्या पंपाने धूळ उडवली, मसाला बोटाने दाबून भरला, आणि तो सुकल्यावर बारीक ब्रशने प्रत्येक सांध्यावर सीलर ओढला. आई दारात खुर्ची टाकून बसली होती. तिने विचारलं, "आता किती वर्षं बघायला नको?" मामा म्हणाले, "दोन-तीन वर्षांनी परत हात मारायचा. आणि अ‍ॅसिड आणलंत तर मी येणार नाय. साध्या साबणाने धुवा. जरा कमी पांढरी दिसली तर काय बिघडलं?" आईने ती शेवटची बाटली त्यांच्याच हातात दिली. खाली पुन्हा एक थेंब गेला नाही.

मी एकदा त्यांच्या घरी गेले होते, लालबागला, दिवाळीचा फराळ द्यायला. चाळीतली एक खोली, कोपऱ्यात कट्ट्याएवढी मोरी, आणि तिच्या कडप्प्याला उभी चीर. त्यांची बायको मला बघून म्हणाली, "बघा, जगाचे सांधे भरतो आणि स्वतःची मोरी गळते." मामा लाजून म्हणाले, "खाली दुकान आहे. दुकानदार संध्याकाळी निघून जातो, त्याला काय कळत नाय. करीन, करीन." बाई म्हणाल्या, वीस वर्षं करीन करीन ऐकतेय.

पुढे दीड वर्षाने आई गेली. घरीच, पहाटे. शेवटची आंघोळ सुमनकाकूंनी घातली. त्यांना स्वतःला नीट वाकता येत नव्हतं, तरी त्यांनी दुसऱ्या कुणाच्या हातात तांब्या दिला नाही. पाणी घालताना त्या तिच्याशी बोलत होत्या, "गार नाय ना गो वैनी? कोमटच काढलंय." मी बाजूला आईला धरून उभी होते. मला त्या वेळी मामांनी वाढवून दिलेले ते चार दिवस आठवले. ते नसते तर काकू वर आल्या असत्या का, कोण जाणे. शेजारधर्म म्हणून आल्या असत्याही, पण दाराशी उभ्या राहिल्या असत्या.

मामांना मी आईचं कळवलं नाही. कळवायचं राहून गेलं. राहून जातं, असं आपण म्हणतो, पण खरं म्हणजे मी सगळ्यालाच थकले होते. यंदा सीलरचा हात मारायची वेळ आली तेव्हा त्यांचा नंबर लावला. बायकोने उचलला. "ते गेले ना. गणपतीनंतर." छातीत पाणी झालं होतं, आठ दिवस इस्पितळात होते. मी इस्पितळाचं नाव विचारलं. आमचंच. मी तेव्हा रजेवर होते, काही महत्त्वाचं कारण नव्हतं, नुसती घरी झोपून होते. त्यांचा केसपेपर माझ्या शेजारच्या खिडकीवर निघाला असणार. अंगठा उठला नसेल, आणि तिथल्या मुलीने दोनदा तरी पुसून परत लावायला सांगितलं असेल. मी असते तर मी सांगितलं असतं, हे धुरीच आहेत म्हणून. हे मला फार लागलं, अजून लागतं.

बाई पुढे म्हणाल्या, "शेवटच्या दिवशी पण पलंगावरून वर बघत होते. नर्सला म्हणाले, वरच्या मजल्यावर सांधा गेलाय, सांगा कुणाला तरी. तिला वाटलं भ्रम झालाय." मी दुसऱ्या दिवशी ड्यूटी संपल्यावर त्या वॉर्डात जाऊन बघितलं. त्यांच्या पलंगाच्या वर, छताला, खरंच एक तळहाताएवढा डाग होता.

काम तर करायलाच हवं होतं. एका कंपनीचा माणूस आला. स्वच्छ गणवेश, छोटं मशीन, हातात मोजे. चांगलं काम केलं, नाव ठेवायला जागा नाही. खालचं घर कुणाचं ते त्याने विचारलं नाही, आणि त्याने विचारावं असं काही कारणही नव्हतं. जाताना म्हणाला, "मॅडम, चार तासांत वापरा. फास्ट ड्राय आहे."

तो गेल्यावर मी बाथरूमचं दार ओढून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी टॉवेल आणि साबण घेऊन जिना उतरले. सुमनकाकू आता ऐंशीच्या घरात आहेत. मुलगा विरारला, रविवारी येऊन जातो. आई गेल्यापासून मी त्यांच्याकडे फारशी जात नव्हते. जायचं ठरवायचे आणि कामावरून आल्यावर तशीच पडून राहायचे. त्यांनी दार उघडलं, माझ्या खांद्यावरचा टॉवेल बघितला.

"काम काढलंस?"

"हो. तीन दिवस बंद आहे. तुमच्याकडे आंघोळ केली तर चालेल?"

"विचारतेस काय? थांब, पाणी तापत ठेवते." आणि त्या भिंतीला धरत धरत आत गेल्या. बाहेरच्या खोलीत काका भिंतीपासून दोन बोटं पुढे टांगलेले, प्रसादाचं ताट घेऊन हसत होते. डोक्यावर पाणी घेताना मी मान वर केली. छत पांढरं होतं. बाहेर आले तर चहा ओतलेला होता आणि काकूंनी आईची एक गोष्ट सुरू केली, जी मला ठाऊक नव्हती. मला त्या दिवशी इस्पितळात पोचायला उशीर झाला.

तिसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे जेवले. चौथ्या दिवशी आंघोळ करून निघताना त्यांनी विचारलं, "सुकलं का गो वर?"

साडीची पिशवी मीही लावून ठेवली होती. पहिल्या सकाळपासून ती कोरडी होती.

"नाही काकू," मी म्हटलं. "अजून ओल आहे. दोन दिवस लागतील."

"लागू देत," काकू म्हणाल्या. "उद्या कुळथाची पिठी करते. जेवूनच जा."